सातारा हिल हाफ मॅरेथॉन : सपाटीवर धावणाऱ्याने घाटाची तयारी कशी करावी?

संगमाकाठची

नमस्कार. मी कऱ्हाडची, वय ४४, माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. गेली काही वर्षे प्रीतिसंगमाच्या परिसरात सकाळी नियमित धावते. १० किलोमीटर अंतर सव्वा तासाच्या आत, फारशी दमछाक न होता पूर्ण होते आणि तेवढ्या जोरावर यंदा सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव नोंदवले आहे. २१ किलोमीटरची ही माझी पहिलीच शर्यत असून तिला अजून साधारण चार महिने आहेत.

अडचण अशी की, माझा सगळा सराव नदीकाठच्या सपाट रस्त्यावरचा आहे आणि शर्यत मात्र घाटातली. तयारीची जी वेळापत्रके सर्वत्र मिळतात त्यांत कोणत्या आठवड्यात किती किलोमीटर धावायचे एवढेच असते. चढ, उतार आणि धो धो पाऊस यांचा त्यांत विचार केलेला दिसत नाही. चढाची सवय व्हावी म्हणून सुट्टीच्या दिवशी मी सदाशिवगडावर जाते. चढताना काही वाटत नाही, परंतु पायऱ्या उतरताना उजव्या गुडघ्याच्या वाटीभोवती दुखते आणि संध्याकाळपर्यंत ते थांबते. हे दुखणे अंगावर काढण्यासारखे आहे का? घाटात मध्ये मध्ये चालले तर वेळेच्या मर्यादेत शर्यत पूर्ण होईल का? आणि कऱ्हाडमध्ये राहून घाटाचा सराव कसा करावा? अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

पेठेतला_धावक

ताई, आधी मार्ग नीट समजून घ्या, म्हणजे सराव कशाचा करायचा हे निम्मे तरी तिथेच ठरेल. २०१२ पासून होणाऱ्या या शर्यतीची सुरुवात आणि शेवट दोन्ही साताऱ्यातच असतात. शहरातून निघून आपण यवतेश्वरच्या घाटाला लागतो, वर कासच्या रस्त्याने काही अंतर जाऊन वळसा घेतो आणि त्याच वाटेने खाली येतो. सातारा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आणि कासचे पठार सुमारे १२०० मीटरवर आहे. शर्यत पठारापर्यंत जात नाही, त्यामुळे हा पूर्ण चढ वाट्याला येत नाही. तरीही पहिला अर्धा भाग बहुतेक चढणीचा आणि दुसरा बहुतेक उतरणीचा, असाच हिशेब मनात धरून चला.

नवीन माणसाला धास्ती चढाची असते आणि तो तयारीही चढाचीच करतो. माझ्या मते खरा कस उतारावर लागतो. चढावर धाप लागली तर चालता येते, श्वास दोन मिनिटांत ताळ्यावर येतो. उतारावर मात्र मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार रोखून धरत असतात आणि ते काम सपाटीवरच्या धावण्यात फारसे घडत नाही. म्हणूनच सपाटीवर २१ किलोमीटर सहज धावणारी माणसेही घाट उतरून शहरात शिरल्यावर लाकडी पायांनी चालताना दिसतात. यातली दिलासा देणारी गोष्ट ही की, या स्नायूंना अशा ताणाची एकदा ओळख झाली की पुढचे काही आठवडे तोच ताण त्यांना बराच कमी जाचतो. त्यामुळे महिन्यातून दोनदा साताऱ्याला यायला जमले तरी पुष्कळ झाले. पहिल्या खेपेस तीनच किलोमीटर वर चालत जा आणि सावकाश धावत खाली या. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोलतीलच, त्याला घाबरू नका. पुढे हे अंतर सहा-सात किलोमीटरपर्यंत वाढवा. शेवटचा मोठा उतार शर्यतीच्या किमान दोन-अडीच आठवडे आधी झालेला असावा, कारण स्नायू सावरायला तेवढा अवधी हवा.

उतरताना मागे रेलून टाचेने ब्रेक लावण्याची सवय सगळ्यांनाच असते आणि तीच गुडघ्याला महागात पडते. पावले आखूड आणि भरभर टाका, पाऊल शरीराच्या फार पुढे न पडता जवळजवळ खालीच पडू द्या, आणि नजर पायाशी न ठेवता दहा-पंधरा पावले पुढे ठेवा.

आता वेळेविषयी. यंदाची मर्यादा नियमपत्रकात पाहून घ्या, मी इथे समजण्यापुरते साडेतीन तास धरतो. सुरुवातीचे साडेदहा किलोमीटर तुम्ही ताशी ५ किलोमीटरच्या गतीने, म्हणजे निव्वळ चालत गेलात तरी दोन तास सहा मिनिटे होतात आणि परतीच्या साडेदहा किलोमीटरला चौऱ्याऐंशी मिनिटे उरतात. किलोमीटरला आठ मिनिटे. तुमची सपाटीवरची गती याहून चांगली आहे. अर्थात उतारासाठी पाय शाबूत राहिले पाहिजेत हे गृहीत धरून. म्हणून शहरातल्या पहिल्या दोन-तीन किलोमीटरमध्ये, जिथे ढोल-ताशे वाजत असतात आणि आजूबाजूचे सगळेच सुसाट सुटलेले असतात, तिथे आपल्याला वाटते त्याहून सावकाश धावावे. शेजारच्या धावकाशी पूर्ण वाक्यात बोलता येते आहे का, एवढी एक कसोटी पुरेशी आहे; घड्याळ घाटात काही कामाचे नाही.

कऱ्हाडमधल्या आठवड्याचे म्हणाल तर दोन दिवस ४५ मिनिटे ते एक तासाचे आरामाचे धावणे आणि रविवारी एक लांब पल्ला ठेवा. लांब पल्ला किलोमीटरपेक्षा वेळेने मोजा आणि दर आठवड्याला दहा-पंधरा मिनिटांनी वाढवत अडीच तासांपर्यंत न्या. दर चौथ्या आठवड्याला मात्र तो कमी करा. शर्यतीपूर्वी २१ किलोमीटर पूर्ण धावून पाहण्याची गरज नाही. शेवटचे दोन आठवडे सराव निम्म्यावर आणावा, हे ऐकायला सोपे आणि पाळायला फार अवघड असते. सरावासाठी घाटात याल तेव्हा उजाडताच चढायला लागा, कारण सुट्टीच्या दिवशी कासला जाणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या सुरू झाल्या की त्या रस्त्यावर धावणे धोक्याचे आहे. समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने धावा. आंधळ्या वळणावर मात्र क्षणभर थांबून कानोसा घ्यावा.

फिजिओ_मिरज

वरचा प्रतिसाद उत्तम आहे, मी फक्त गुडघ्याविषयी लिहिते. तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, हे आधी स्पष्ट करते. तरीही पायऱ्या उतरताना वाटीभोवती दुखणे आणि विश्रांतीने थांबणे हे बहुतेक वेळा वाटी आणि मांडीचे हाड यांच्यामधील सांध्यावर पडणाऱ्या भारामुळे असते. पायरी उतरताना गुडघा वाकलेल्या अवस्थेत शरीराचा सगळा भार एका पायावर येतो. त्यावेळी कमरेच्या बाजूचे आणि मांडीचे स्नायू कमी पडले की गुडघा आतल्या बाजूला झुकतो आणि वाटीवरचा दाब वाढतो. आरशासमोर एका पायावर उभे राहून किंचित खाली वाका. गुडघा अंगठ्याच्या रेषेच्या आत जात असेल तर काय सुधारायचे ते तुम्हाला तिथेच दिसेल.

घरच्या जिन्याच्या सर्वात खालच्या पायरीवर उजव्या पायावर उभे राहा आणि डावी टाच तीन-चार सेकंद घेऊन, अगदी सावकाश, जमिनीला टेकवून परत वर या. प्रत्येक पायावर दहा वेळा, दोन-तीन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस. त्याच्या जोडीला भिंतीला पाठ टेकवून खुर्चीसारखे बसणे आणि उताणे झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणे, एवढे पुरे. दुखणे दहापैकी तीनच्या वर जात नसेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उरत नसेल तर व्यायाम चालू ठेवायला हरकत नाही. सदाशिवगड तूर्तास चढण्यापुरता ठेवा आणि उतरताना दोन्ही हातांत काठ्या घ्या. पायऱ्यांवरून उतरणे आणि डांबरी घाटातून धावत उतरणे यांत भार वेगळ्या तऱ्हेने पडतो, त्यामुळे गडाचा सराव घाटाला पर्याय होत नाही.

सांध्याला सूज येत असेल, तो मध्येच अडकत असेल किंवा चालताना दगा देत असेल, तर मात्र धावणे थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि शर्यतीच्या सकाळी दुखू नये म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारखी गोळी आधीच घेऊन ठेवण्याची पद्धत अनेकांत दिसते, ती पूर्णपणे टाळावी. शरीरातले पाणी कमी झालेले असताना या गोळ्यांचा मूत्रपिंडावर ताण येतो.

सरळमार्गी

मत थोडे वेगळे आहे, राग नसावा. पहिली हाफ मॅरेथॉन सपाट रस्त्यावर, थंडीच्या दिवसांत करावी आणि सातारा पुढच्या वर्षी, असे मला वाटते. पहिल्याच वेळी अंतरही नवे, घाटही नवा आणि पाऊसही, म्हणजे काय चुकले हे नंतर कळतही नाही. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे अशा शर्यतींना तोटा नाही.

पेठेतला_धावक

तुमचे म्हणणे तत्त्वतः योग्य आहे, परंतु घाटाचा एक फायदाही आहे. सपाट शर्यतीत पहिलटकर सुरुवातीपासून एकाच गतीने रेटत राहतो आणि सोळा-सतराव्या किलोमीटरला गाडी बंद पडते. इथे चालणे आपोआप घडते, त्याची लाजही वाटत नाही, कारण निम्मे लोक चालतच असतात. गुडघ्याने तोवर साथ दिली नाही तर गोष्ट वेगळी.

संगमाकाठची

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आरशासमोर पाहिले, गुडघा खरोखरच आत झुकतो. सरळमार्गी यांचा सल्ला मी नाकारत नाही; पुढचे दोन महिने पायरीचा व्यायाम करून आणि घाटात एक-दोन खेपा करून मगच धावायचे की नाही ते नक्की करीन. तोपर्यंत आणखी एक शंका. मी शाकाहारी आहे आणि दीड तासाच्या पुढे धावले की एकदम गळल्यासारखे होते. हे खाण्यामुळे असेल का? आणि पावसात पाणी किती प्यावे? तहानच लागत नाही.

माणदेशी

ताई, गळल्यासारखे होण्याची दोन कारणे संभवतात आणि दोन्ही तपासायला सोपी आहेत. पहिले म्हणजे रक्त. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन या दोन्ही चाचण्या करून घ्या. स्त्रियांमध्ये हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेले की रक्तक्षय मानतात, परंतु हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातला लोहाचा साठा, म्हणजे फेरिटिन, तळाला गेलेला असू शकतो, आणि पाळी चालू असणाऱ्या, धावणाऱ्या, शाकाहारी बाईच्या बाबतीत ही शक्यता बरीच असते. लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करू नका; डॉक्टर देतील तेवढ्याच घ्या, आणि त्यांच्या आगेमागे तासभर चहा पिऊ नका, कारण चहामुळे लोह अंगी लागत नाही. वयाची चाळिशी उलटली आहे, तेव्हा त्याच खेपेत रक्तदाब, साखर आणि डॉक्टरांना आवश्यक वाटल्यास हृदयाची ट्रेडमिलवरची तपासणीही उरकून घ्यावी.

दुसरे कारण इंधनाचे. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर दीड-दोन तासांच्या धावण्यात बरीच संपत आलेली असते. तुम्हाला बहुधा अडीच-तीन तास लागतील, म्हणून धावताना तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. बाजारातली जेल (धावताना चोखायची गोड, दाट द्रवाची पाकिटे) महाग असतात आणि सगळ्यांना मानवतातच असे नाही. मी बिया काढलेला खजूर आणि गुळाचे लहान खडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कमरेच्या पट्ट्यात ठेवते. पावसात गूळ पाघळून पिशवीला चिकटतो, म्हणून प्रत्येक खडा वेगळ्या कागदात गुंडाळावा लागतो एवढाच त्रास. भूक लागण्याची वाट न पाहता पाऊण तासानंतर थोडे थोडे खायला सुरुवात करा आणि जे शर्यतीत खायचे ते रविवारच्या लांब पल्ल्यात खाऊन पाहिलेले असू द्या. आदल्या रात्री वरण-भात किंवा मुगाची खिचडी, तेही नेहमीपेक्षा लवकर. उसळ, कोशिंबीर, ज्वारीची भाकरी एरवी कितीही पौष्टिक असली तरी त्या रात्री नको, कारण त्यातला चोथा घाटात शौचालय शोधायला लावतो. सकाळी निघण्यापूर्वी दोन-अडीच तास दोन केळी किंवा थोडे पोहे पुरतात.

पाण्याचे म्हणाल तर तहान लागेल तेवढेच प्यावे. पाणी दिसले म्हणून प्रत्येक टेबलावर पेलाभर पिऊ नये. सावकाश धावणाऱ्याने तीन तास नुसते पाणी पीत राहिल्यास रक्तातले सोडियम उतरते. मळमळ, डोकेदुखी, भ्रम होतो, आणि हे पाणी कमी पडल्याचे लक्षण समजून लोक त्याला आणखी पाणी पाजतात. मात्र पावसाळी हवेत दमटपणामुळे घाम वाळत नाही, त्यामुळे कपडे पावसाने भिजले की घामाने हे कळत नाही आणि शरीर तापलेलेही लक्षात येत नाही, हेही खरे. सोबत ओआरएस ठेवाल तर ते पाकिटावर लिहिल्याप्रमाणे पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवा. अर्ध्या बाटलीत दाट करून प्यायल्यास पोट ढवळते.

पावसाविषयी एवढेच. सुती टी-शर्ट आणि सुती मोजे वापरू नका, भिजल्यावर ते जड होतात आणि कातडी सोलवटते. काखा, मांड्या, अंतर्वस्त्राची शिवण जिथे लागते ती जागा आणि पायाची बोटे यांना व्हॅसलीन भरपूर लावा. घाट उतरताना बोटे बुटाच्या पुढच्या टोकावर आपटून नखे काळी पडतात. म्हणून बुटात पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, नखे तीन-चार दिवस आधी कापलेली असावीत आणि उतार सुरू होण्यापूर्वी घोट्यापाशी नाडी घट्ट करून घ्यावी. बूट नवे घ्यायचे असतील तर आत्ताच घ्या, म्हणजे निदान दोन महिने पायात मुरतील. रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि कडेचे शेवाळ ओले असताना अतिशय निसरडे असते, त्यावर पाय देऊ नका. पाठीवर मोठी कचऱ्याची पिशवी डोक्याहाताची भोके पाडून घातली, तर शर्यत सुटण्याआधी पावसात उभे राहावे लागते तेव्हा थंडी वाजत नाही; धावायला लागल्यावर ती काढून कचरापेटीत टाकावी, घाटात नव्हे.