घरी विमान बांधताना ड्रॉइंग बदलायचं का?

ओहायोकर
आमच्या गॅरेजमध्ये आरव्ही-9ए या दोन आसनी विमानाचं शेपूट आकाराला येतंय, गाडी बाहेर बर्फात उभी आहे. सुट्या भागांचा संच फक्त शेपटीचाच मागवलाय. तो पुरा झाल्याशिवाय पंखांचे पैसे भरायचे नाहीत, हे पहिल्याच दिवशी वहीत लिहिलं. अर्धवट सोडलेली विमानं इथे सतत विकायला निघतात. रात्री दहानंतर पत्रे ठोकून जोडायची रिव्हेटगन हातात घ्यायची नाही. आतलं काम दुसऱ्या बांधणाऱ्यानं पाहिल्याशिवाय वर पत्रा चढवायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ड्रॉइंगमध्ये आहे तसंच करायचं.

यामागे जॉन डेन्व्हर आहे. 12 ऑक्टोबर 1997 ला या गायकाचं लाँग-ईझी जातीचं छोटं विमान कॅलिफोर्नियात समुद्रात कोसळलं. विमान दुसऱ्यानं घरी बांधलेलं, यानं नुकतंच विकत घेतलेलं. त्याचं डिझाइन करणाऱ्या बर्ट रुटान यांच्या ड्रॉइंगमध्ये एका टाकीवरून दुसऱ्या टाकीच्या इंधनावर जायचा व्हॉल्व्ह पायलटच्या दोन पायांमध्ये होता. कॉकपिटमध्ये इंधनाची नळी नको म्हणून बांधणाऱ्यानं तो डाव्या खांद्यामागे नेला. हेतू चांगलाच होता. पण तिथवर हात न्यायचा तर अंग पिळावं लागतं, आणि त्यात उजवा पाय विमान वळवणाऱ्या रडरच्या पेडलवर दाबला जातो. तुम्हाला काय वाटतं?

टूलरूमवाले काका
हा नियम मला पटत नाही. तुमचं आरव्हीच मुळात बदलातून आलंय. रिचर्ड व्हॅनग्रनस्वेन यांनी 1960 च्या दशकात दुसऱ्याच्या डिझाइनचं स्टिट्स प्लेबॉय घेतलं आणि त्याला स्वतः आखलेले ॲल्युमिनियमचे पंख बसवले. त्यातून आरव्ही-1 झालं. ते ड्रॉइंगला चिकटून बसले असते तर तुमच्या गॅरेजमध्ये आज काय असतं? चाळीस वर्षं पुण्यात टूलरूममध्ये काढली. ड्रॉइंग चुकलंय हे इंजिनिअरला सांगायला जायचा तो फिटरच. डेन्व्हरच्या टाकीत इंधनही कमी होतं, निघण्याआधी भरून घेतलं नव्हतं. सगळं खापर व्हॉल्व्हवर कशाला?

चारकोपची मृणाल
मी काकांच्या बाजूनं. आमच्याच कांदिवलीत कॅप्टन अमोल यादवांनी गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. 2016 साली मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात ते जवळून पाहिलं, अंगावर काटा आला होता. उडवायचा परवाना मिळायला 2019 उजाडलं. तयार संचाची पेटी त्यांच्या दारात आली नव्हती. पेटीतून निघेल तेवढंच जोडायचं ठरवलं, तर आपल्याकडे डिझाइन करणारं कोण तयार होणार?

ओहायोकर
काका, इंधनाचा मुद्दा मान्य. पण इंधन कमी होतं म्हणूनच तर त्या व्हॉल्व्हला हात घालावा लागला! आणि व्हॅनग्रनस्वेन स्वतः इंजिनिअर, आपण काय बदललं आणि त्याचा भार कुठे जातो हे त्यांना माहीत होतं. माझी भीती वेगळी आहे. मी केलेल्या बदलाची मला सवय होईल. उद्या विमान विकलं, तर आणीबाणीत चाचपडेल तो दुसराच. मृणालताई, नवं डिझाइन करणाऱ्यांबद्दल मला आदरच आहे, पण ते काम वेगळं. दुसऱ्याच्या डिझाइनमध्ये मधेच स्वतःची अक्कल घालणं हे त्याहून धोक्याचं, असं माझं मत.

सौ. गॅरेज
तुमच्या वहीत पहिल्या उड्डाणाबद्दल काहीच नाही, याची मला जास्त काळजी वाटते. आमच्या घरचं विमान तीन वर्षांपूर्वी पुरं झालं. बांधायच्या नादात ह्यांचं स्वतःचं उडणं जवळजवळ बंदच पडलं होतं. तरी पहिल्यांदा मीच उडवणार म्हणून अडून बसले. मी ऐकलं नाही. रोज त्याच जातीचं विमान उडवणाऱ्या मित्राला बोलावलं. 2014 पासून अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानाच्या सुरुवातीच्या चाचणीच्या तासांतही दुसरा पात्र पायलट सोबत बसू शकतो. ड्रॉइंग पाळून बांधलेलं विमानसुद्धा हात गंजलेल्या माणसाकडे देऊ नका.

ओहायोकर
वहिनी, गेल्या आठ महिन्यांत मी फक्त दोनदा उडलोय. आजच लिहितो: महिन्याला दोन तास उड्डाण, नाही जमलं तर रिव्हेटगनला सुट्टी.

टूलरूमवाले काका
हे लिहाच. आणि व्हॉल्व्ह बसवाल तेव्हा पट्टा बांधून, डोळे मिटून हात पोचतो का बघा. नाही पोचला, तर ड्रॉइंग कोणाचंही असो, मी तरी तो हलवीन.

ओहायोकर
नाही पोचला तर आधी डिझाइन करणाऱ्यांना पत्र लिहीन. उत्तर येईपर्यंत ड्रिल भिंतीवर टांगलेलं.