शिक्षकांचा संशोधन गट : आधी पदाधिकारी की आधी नियम?

केजचा मास्तर :
मंडळी, केज-धारूर भागातले आम्ही जिल्हा परिषदेचे काही शिक्षक ऊसतोडीला जाणाऱ्या लेकरांच्या वाचनावर मिळून काम करायला लागलोत. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात, लेकरंही आईबापासोबत फडावर, कोपीत. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परत. जाताना कुठवर वाचत होतं, आल्यावर कुठवर वाचतंय, एवढंच टिपायचंय. पण एकाच्या वहीत अडखळत वाचलं तरी ‘परिच्छेद येतो’, दुसऱ्याकडं चार चुका झाल्या की लेकरू थेट शब्दांच्या पातळीवर. नोंदी एकत्र केल्या की नुसता काला. त्यात बैठकीचा निम्मा वेळ अध्यक्ष कोण, सचिव कोण यात जातो. इंटरनेटची मानकं ठरवणारे लोक एकमेकांना न ओळखता काम उरकतात म्हणे. त्यांचं आपल्याला काही उचलता येईल का?

नांदेडकर नेटवर्कवाला :
सर, उचलण्यासारखं बरंच आहे. माझी रोजीरोटीच त्यांच्या मानकांवर चालते.

इंटरनेटची मानकं ठरवणारी आयईटीएफ ही संघटना 1986 पासून हेच करतेय. तिथं सदस्यत्व नाही, मतदान नाही. येणारा माणूस कंपनीतर्फे नाही, स्वतःच्या नावानं बोलतो. एकेका कामाचा वेगळा गट, त्याचं काम काय ते आधीच लेखी, आणि काम संपलं की गट बंद. (आपल्याकडं काम संपतं, समिती राहते.) मसुदा सहा महिन्यांत कुणी पुढं नेला नाही तर तो आपोआप बाद. छापून झालेला आरएफसी, म्हणजे क्रमांक देऊन प्रसिद्ध केलेला त्यांचा कागद, मात्र कधीच बदलत नाहीत. सुधारणा करायची तर नवा क्रमांक. म्हणजे जुनी नोंद कोणत्या नियमानं घेतली हे दहा वर्षांनीही कळतं.

पण तुमच्या कामाची खरी गोष्ट वेगळीच आहे. ते लोक फक्त दोन यंत्रांच्या मधे तारेवर काय जाईल तेवढंच ठरवतात. यंत्राच्या आत ज्याचं त्यानं बघावं. तुम्हीही तसंच करा. कसं शिकवायचं यावर एकमत करायला जाऊ नका, जन्म जाईल. कोणता उतारा, चूक कशाला म्हणायची, किती सेकंद थांबायचं, कोणत्या महिन्यात नोंद, एवढंच बांधा.

आणि तपासायचं असं : 1996 च्या त्यांच्या नियमात मानकाला वरची पायरी चढायची तर दोन वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळं बनवलेलं यंत्र एकमेकांशी बोललं पाहिजे, अशी अट होती. तुमचा नियमांचा कागद दोन गावच्या दोन शिक्षकांना द्या, फोनवर विचारायचं नाही. एकाच लेकराचं वाचन मोबाईलवर ऐकून दोघांनी तीच पातळी लिहिली, तरच कागद पास.

परभणीची बाई :
हे सगळं ठीक, पण आमच्या शिक्षण परिषदेत केंद्रप्रमुख बसलेले असताना नवी शिक्षिका हरकत घेईल का? सगळे माना डोलावतात, मग ज्याचं त्याचं चालू. त्याला सहमती म्हणायची?

नांदेडकर नेटवर्कवाला :
बाई, नाही म्हणायची. 2014 च्या आरएफसी 7282 मधे हेच लिहिलंय : डोकी मोजायची नाहीत. शंभर जण एकीकडं असले आणि पाच जणांच्या हरकतीला उत्तरच नसलं, तर सहमती झालेली नाही. उलट हरकतीला नीट उत्तर देऊन झालं, तरी एखादा नाराज राहिला तर काम थांबत नाही. बैठकीत कौल बघायची त्यांची जुनी रीत हात वर करण्याऐवजी गुणगुणायची, म्हणजे कोण कुठल्या बाजूला ते चटकन कळत नाही. शेवटचा निर्णय मात्र ईमेलवर, लेखी. तुम्ही बिननावाच्या चिठ्ठ्या घ्या.

लातूरचा निवृत्त :
एक भर घालतो. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या अभिप्राय तक्त्यात हरकतीशेजारी ‘सुचवलेला बदल’ असा रकाना असतो. तो ठेवा. नुसतं ‘हे पटत नाही’ लिहिणारे निम्म्यानं कमी होतील.

केजचा मास्तर :
ठरलं मग. अध्यक्षाचा विषय बाजूला. मसुदा एक मी या रविवारी लिहितो, दोनच पानं. परभणीच्या बाई, तुम्ही आमच्या गटाबाहेरच्या, तपासायला त्याची एक प्रत तुम्हालाच पाठवतो. लेकराचं नाव न घेता आवाज तेवढा येईल, पालकांना विचारून. टोळ्या निघायच्या आत झालं पाहिजे.