फिनलंड : एस्पोत फ्लॅट आहे, आता तळ्याकाठी मोक्की (सुट्टीचं घर) घ्यावी का?

एस्पोकर :
नमस्कार मंडळी. आम्ही दोघंही हेलसिंकीला लागून असलेल्या एस्पोत नोकरीला, लेक दुसरीत. जून उजाडला की ऑफिसातले सगळे आपापल्या मोक्कीवर पळतात आणि आम्ही बाल्कनीत चहा पीत बसतो. सायमा सरोवराच्या बाजूला पूमालात एक जाहिरात पाहिली : लाकडी घर, स्वतःचा काठ, सौना (वाफेच्या स्नानाची खोली), वीज आहे, नळाचं पाणी नाही. किंमत हेलसिंकीतल्या एका खोलीच्या फ्लॅटपेक्षा कमी. बेत असा, की जुलैत आपण राहायचं, बाकी वर्षभर पर्यटकांना भाड्याने द्यायची, हप्ता त्यातूनच सुटेल. पासपोर्ट दोघांचेही भारतीय. बाबा फोनवर म्हणाले, "मुळशीच्या प्लॉटला आधी कुंपण घाला." कुणाला अनुभव आहे का?

मिक्केलीकरीण :
माझ्या सासऱ्यांची मोक्की पूमालाच्या अलीकडेच आहे, म्हणून लिहिते. पाल्हाळ चालवून घ्या.

आधी कागद. युरोपीय संघ आणि ईईएच्या (युरोपीय आर्थिक क्षेत्राच्या) बाहेरच्या नागरिकांना इथे जमीन घ्यायची तर २०२० पासून संरक्षण मंत्रालयाची परवानगी लागते. तुम्ही एस्पोत कितीही वर्षं कर भरलेला असो. फ्लॅटच्या वेळी कुणी विचारलं नसेल, कारण तिथे तुम्ही सोसायटीचे शेअर घेतलेत, जमीन नव्हे. २०१८ साली तुर्कूजवळच्या बेटांवर पोलिसांनी धाडी घातल्या आणि मोक्याच्या जागी कोण जमिनी घेतंय यावर देशभर चर्चा पेटली. आमच्या भागात तर रशियन मालक बरेच. त्यांच्यावर २०२५ च्या जुलैपासून नवी खरेदी करायला जवळपास बंदीच आहे. तुमचा प्रश्न तेवढा अवघड नाही, पण व्यवहाराआधीच अर्ज टाका.

मुद्रांकाचं म्हणाल तर जमिनीच्या खरेदीवर ३ टक्के हस्तांतरण कर आहे, फ्लॅटच्या शेअरवर दीडच. शिवाय दरवर्षीचा मालमत्ता कर. सुट्टीच्या घराला नगरपालिका राहत्या घरापेक्षा चढा दर लावू शकते, आणि लावतातही. का लावू नये? पूमालात कायमच्या माणसांपेक्षा मोक्की जास्त आहेत. तुमचा पगारावरचा कर एस्पोला जातो, मतदानही तिथेच, आणि रुग्णवाहिका मात्र इकडची बोलावता. उन्हाळ्यात गावातल्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. नोव्हेंबरात तिथे मी, दुकानदार आणि दुधाचा फ्रीज.

आता भाड्याचं. इथेच तुमचं गणित बसत नाही. हिवाळ्यात येणारे परदेशी पर्यटक सांताक्लॉज, ध्रुवीय प्रकाश आणि स्कीइंगसाठी येतात, म्हणजे पार उत्तरेला, रोवानिएमी, लेवी, रुकाकडे. सायमाला येतात ते पोहायला, सौना करायला आणि मासे धरायला. हंगाम युहान्नुसला, म्हणजे जूनच्या शेवटाकडे, खऱ्या अर्थाने सुरू होतो आणि ऑगस्टात शाळा उघडल्या की आटोपला. ज्या जुलैत तुम्ही स्वतः राहणार, नेमका त्याच महिन्यात भाडं मिळतं. मग हप्ता कोण भरणार, ऑक्टोबरातला पाऊस?

"नळाचं पाणी नाही" याचा अर्थही नीट समजून घ्या. प्यायचं पाणी गाडीतून कॅनने, भांड्यांचं आणि सौनाचं तळ्यातून बादलीने. संडास अंगणाच्या टोकाला, कोरडा, वरून पीटचा भुसा टाकायचा आणि वर्षातून एकदा तो डबा तुम्हीच उपसायचा. आमच्याकडे हे काम घरातल्या नव्या जावयाला देतात. माझ्या नवऱ्याला बहीण नाही, म्हणून सुनेला मिळालं. पाहुण्यांना भाड्याने द्यायची तर हे सगळं दर शनिवारी चकचकीत हवं, आणि तुम्ही बसणार एस्पोत, तीन-साडेतीन तासांवर.

आणखी एक. पाण्यावरून आवाज फार लांब जातो. पलीकडच्या काठावरची मोक्की भाड्याने दिली तेव्हा रात्रभर स्पीकर चालला. सासरे काही बोलले नाहीत, फक्त सकाळी नाव वल्हवत तिकडे गेले आणि धक्क्यासमोर थांबून त्यांच्याकडे बघत राहिले. फिनिश भांडण ते हेच.

ओस्लोवाला :
नॉर्वेत ह्युत्ते, म्हणजे इथली मोक्की, हा आता गरम फरशीचा बंगलाच झालाय. हेमसेदालला जाऊन बघा, डोंगरभर घरं आणि शुक्रवारी संध्याकाळी रस्त्यावर रांग. पण मालकी म्हणजे सगळंच आपलं असं नाही. २०२० च्या मार्चमध्ये सरकारने दुसऱ्या नगरपालिकेतल्या स्वतःच्या ह्युत्तेत रात्र काढायलाच मनाई केली होती. लहान गावांच्या दवाखान्यांवर ताण नको म्हणून. ईस्टरही तसाच गेला. लोक चिडले, पण गावकऱ्यांचं बरोबरच होतं. काही किनारी गावांत घर घेतलं तर वर्षभर तिथे कुणीतरी राहिलंच पाहिजे असा नियम आहे, नाहीतर हिवाळ्यात अख्खी गल्ली अंधारात.

आऱ्हूस_ताई :
डेन्मार्क याहून कडक. इथे आधी राहिलेले नसाल, तर समरहाउससाठी युरोपातल्या माणसालाही परवानगी लागते. पश्चिम किनारा जर्मन लोक विकत घेतील ही जुनी भीती. १९९२ च्या मास्ट्रिख्ट करारात त्यासाठी वेगळा प्रोटोकॉल जोडून घेतलाय डॅनिशांनी.

एस्पोकर :
मिक्केलीकर ताई, डोळे उघडले. भाड्याचा विचार सोडला तरी घ्यावी का? आणि बँक कर्ज देईल?

मिक्केलीकरीण :
भाड्याचा विचार सोडणार असाल तर हो, घ्या. मुलं कोरड्या संडासाला आपल्याआधी सरावतात आणि जुलैत रात्री अकराला उजेडात तळ्यात उडी मारण्याची मजा एस्पोत नाही. पण पूमाला नको, दोन तासांच्या आतलं बघा. नाहीतर शुक्रवारी निघायचा कंटाळा येईल आणि गवत कमरेएवढं वाढेल.

आडबाजूच्या मोक्कीचं तारण बँका सहसा कमी धरतात, एस्पोचा फ्लॅट मागतील. त्यावर दोघांनी आधी घरात बोला. ऑक्टोबरात तशीच एखादी मोक्की आठवडाभर भाड्याने घ्या, तेव्हा स्वस्त असते. आणि आवडलीच तर विक्रेत्याला खाजगी रस्त्याच्या मंडळाबद्दल विचारा : वर्षाची वर्गणी किती, काही थकलंय का, आणि बर्फ कुठपर्यंत काढतात. जाहिरातीत सौनाचे सहा फोटो असतात, रस्त्याचा एकही नसतो.