लीगल एडचं कर्ज माफ करून मागणं हा फुकटेपणा?

वेलिंग्टनकर_वहिनी: परवा ऑकलंडच्या एका गृहस्थांनी लिहिलं, "कोर्टकचेरीची हौस यांची, वकील सरकारी पैशाने, आणि फेडायची वेळ आली की माफीचे अर्ज." दोन दिवस गप्प बसले. आता ऐका.

न्यूझीलंडमध्ये लीगल एड, म्हणजे वकिलासाठी मिळणारा सरकारी पैसा, ही अनेकांसाठी उसनवारीच. माझी केस मुलाच्या ताब्याची. अर्ज मी केला एक, समोरून आले सात. उत्तर दिलं नाही तर पोरगं हातचं जाणार, दिलं की मीटर माझ्या नावावर पळणार. शेवटी मुलगा माझ्याकडे राहिला, कर्जही माझ्याकडेच. ११,४०० डॉलर, आठवड्याला २० चा हप्ता. म्हणजे ५७० आठवडे. पोरगं आत्ता सात वर्षांचं आहे. हौस म्हणे!

टॅक्सवाला: तो गृहस्थ मीच. सही करताना वाचलं नव्हतं? १ जानेवारी २०२३ पासून थकबाकीवरचं व्याज बंद, ५० डॉलरची फीही बंद. अजून काय, हारतुरे? माझा पगार लीगल एडच्या उत्पन्न-मर्यादेच्या जरासा वर, म्हणून मला छदाम मिळाला नाही. भावाकडून पैसे घेऊन वकील लावला. मला कोण माफी देणार?

फाइलवाली: साहेब, तुमचा राग मर्यादेवर आहे, काढताय वहिनींवर. माफी कुणी वाटत बसलेलं नाही. लीगल एड बघणाऱ्या कमिशनरला गंभीर आर्थिक अडचण पटवावी लागते, कागदांनिशी. वहिनी, मारहाणीवरून संरक्षण आदेश घेतला होतात का? त्या कामाचे पैसे परत करावे लागत नाहीत. बिलात ते वेगळं काढलंय का बघा.

पुणेरी_पाहुणा: आपल्याकडे भारतात बरं. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा, कलम १२: बाईचं उत्पन्न न बघता वकील फुकट. कर्जबिर्ज नाही.

मोठी_बहीण: फुकट?! धाकटीला पॅनेलवरचा, म्हणजे मोफत मदतीच्या सरकारी यादीतला वकील मिळाला होता. चार तारखा गैरहजर. पाचवीला उगवला आणि कॉरिडॉरमध्येच, "ताई, झेरॉक्स-टायपिंगचे तीन हजार तेवढे बघा." पावती मागितली तर हसला.

काळा_कोट: मी पॅनेलवर आहे. एकावरून सगळ्यांना झोडू नका. केस संपून वर्ष उलटतं तरी मानधनाचं बिल टेबलावरच. ऑफिसचं भाडं काय आशीर्वादावर भरू?

मोठी_बहीण: म्हणून पोटगी मागायला आलेल्या बाईकडून घ्यायचं?

काळा_कोट: मी घेतो असं म्हणालो का? नीट वाचा!

मोठी_बहीण: वाचलं. घेणाऱ्याबद्दल एक शब्द नाही, भाड्याबद्दल मात्र आख्खं वाक्य आहे.

पुणेरी_पाहुणा: मी उगाच बोललो.

फाइलवाली: होय. धागा कर्जाचा आहे. टॅक्सवाले साहेब, घर असेल तर हे कर्ज घराला चिकटू शकतं, मग विकताना त्यांची वसुली. मजा नाही ही.

टॅक्सवाला: हे ठाऊक नव्हतं. बरं, 'हौस' शब्द मागे. बाकीचा मुद्दा तसाच: काठावरच्यांनी काय करायचं?

वेलिंग्टनकर_वहिनी: यावर मात्र माझी सही घ्या. आणि फाइलवाली, संरक्षण आदेश होता हो! बिलात सगळं एकाच रकमेत आहे, आजच विचारते. माफीचा फॉर्मही भरलाय. खर्चात पोराच्या पोहण्याच्या क्लासचे पैसे लिहू का नको, एवढंच अडलंय. चैन म्हणतील.

टॅक्सवाला: लिहा.