सापासाठी घरीच उंदीर वाढवणं: शहाणपण की नसता उपद्व्याप?

ह्यूस्टनकर
मंडळी, आमच्याकडे तीन साप आहेत. नाना आणि ठमी हे दोन बॉल पायथन (अजगराची एक लहान जात) आणि केशर नावाची कॉर्न स्नेक (बिनविषारी साप). तिन्ही पिंजऱ्यातच जन्मलेले, रानातून धरलेले नाहीत. इथे टेक्सासात बॉल पायथनला परवाना लागत नाही, त्यामुळे कायद्याची गोष्ट सुरुवातीलाच बाजूला ठेवतो.

सव्वा वर्षापूर्वी गॅरेजमध्ये रॅट (मोठ्या जातीचे उंदीर) वाढवायला लागलो. कारण नाना. गोठवलेला उंदीर वितळवून, चिमट्यात धरून नाचवला तरी हा तोंड फिरवून बसायचा. जिवंत टाकला की डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच वेटोळं. मग दुकानातून जिवंत आणायला लागलो. तिथे एका काचेच्या पेटीत वीस-पंचवीस जनावरं, पाण्याची बाटली कोरडी, दोघांच्या शेपट्या कुरतडलेल्या. म्हटलं, असले उंदीर नानाला घालण्यापेक्षा आपणच वाढवू.

एक नर, तीन माद्या. प्लास्टिकचे चार टब, वर जाळी, खाली ॲस्पेनचा भुसा (सीडरचा अजिबात नको, त्याच्या वासाने त्यांच्या छातीला त्रास होतो). खायला लॅब ब्लॉक (उंदरांसाठीच्या तयार खाद्याच्या वड्या), वर घरातल्या भाजीची देठं. मादी बावीस-तेवीस दिवसांत विते, आठ-दहा पिल्लं होतात. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाच्या पोटात प्यालेलं दूध कातडीतून आरपार दिसतं, पांढरी रेघ ओढल्यासारखं. ती रेघ दिसली की समजायचं, आई पाजतेय. पहिल्यांदा दिसली त्या दिवशी मी एकही पिल्लू काढलं नाही, टब बंद करून घरात जाऊन बसलो.

तरीही माझं मत असं की साप पाळायचा तर त्याच्या जेवणाचं मरण दुसऱ्याच्या अंगावर ढकलू नये. माझे उंदीर पोटभर खातात, अंधारात निजतात, आणि शेवट मी स्वतः करतो. कुरिअरच्या खोक्यातून येणारा कसा जगला, कसा मेला, तुम्हाला ठाऊक असतं का?

घरात दोन तट पडलेत. बायको म्हणते बंद कर. तुम्ही काय म्हणता?

वरणभात
आधीच सांगते, मी शाकाहारी, त्यामुळे माझं मत धरूही नका हवं तर. पण साप पाळायचाच कशासाठी? कुत्रा शेपूट तरी हलवतो. तुमचा नाना पंधरा दिवसांतून एकदा जेवतो नि बाकी वेळ दगडासारखा पडून असतो, आणि त्याच्यापायी गॅरेजमध्ये सुतिकागृह!

ह्यूस्टनकर
ताई, सुतिकागृह शब्द बायकोला वाचून दाखवला, ती तुमच्या पार्टीत गेली.

हिशेबी
भावनेचं राहू द्या, गणित मांडतो. दोन पायथन, दर पंधरवड्याला एकेक रॅट, म्हणजे वर्षाला बावन्न. कॉर्न स्नेकला तेवढीच छोटी पिल्लं धरा. झाली शंभर. तुमच्या तीन माद्या वर्षात पाच-पाच वेळा व्याल्या आणि दर वेताला दहा पिल्लं झाली तर दीडशे. वरची पन्नास कुठे जातात?

मी पण इकडेच आहे, डॅलसला. मला गोठवलेले तीन-साडेतीन डॉलरला पडतात, कुरिअर धरून वर्षाचे साडेचारशे. तुमचा भुसा, ब्लॉक, टब, शिवाय दर आठवड्याची साफसफाई. वीस-पंचवीस साप असणाऱ्याला घरची पैदास परवडते. तीन सापांसाठी म्हणजे चहापुरत्या दुधाला म्हैस बांधण्यातला प्रकार.

ह्यूस्टनकर
वरचे फ्रीझरमध्ये जातात, काही इथल्या सापवाल्या मित्रांना देतो. पैशासाठी करत नाही हो. आणि खरं सांगू तर तुमच्या हिशेबात एसी राहिला. गेल्या ऑगस्टमध्ये गॅरेजमधला पंखा दुपारी बंद पडला. ऑफिसातून आलो तर सात मेलेले, त्यात एक गाभण मादी. बाकीचे पोट जमिनीला टेकवून लांब पसरलेले, शेपट्या तापलेल्या. उंदराला घाम येत नाही, शेपटीतून उष्णता टाकतो, हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून गॅरेजला वेगळा एसी.

पिंजरा नंबर चार
हे वाचून राहवलं नाही. पंधरा वर्षं औषध कंपनीच्या ॲनिमल हाऊसमध्ये (प्रयोगाचे प्राणी ठेवतात तिथे) काढली आहेत, हजारो उंदीर हाताखालून गेले. ‘शेवट मी स्वतः करतो’ हे वाक्य तुम्ही फार अभिमानाने लिहिलंय. कसा करता, ते लिहा ना.

ह्यूस्टनकर
मोठ्यांना बंद डब्यात कोरडा बर्फ टाकून. पिंकी (केस न आलेली पिल्लं) सरळ फ्रीझरमध्ये. इथे बरेच जण असंच करतात.

पिंजरा नंबर चार
वाटलंच. आता नीट वाचा.

कार्बन डायऑक्साइड वापरायचाच तर तो सिलिंडरमधून, मोजून सोडायचा. अमेरिकेतल्या पशुवैद्यक संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शिकेत उंदरांसाठी दर मिनिटाला डब्याच्या आकारमानाच्या 30 ते 70 टक्के इतका वेग दिला आहे. फार सावकाश सोडला तर जनावर गुदमरत राहतं, एकदम भरला तर शुद्ध जाण्याआधी नाकाडोळ्यांची आग होते. कोरड्या बर्फात तुम्ही काहीच मोजत नाही, वर थंडीने अंग भाजतं ते वेगळंच. त्या मार्गदर्शिकेत कोरडा बर्फ चालत नाही असं स्पष्ट आहे.

पिंकीचं तर त्याहून वाईट. नवजात पिल्लाला प्राणवायू कमी पडला तरी तग धरता येतो, पोटातून तसंच तर आलेलं असतं. मोठा उंदीर ज्या वायूत काही मिनिटांत जातो, त्यात पिल्लू अर्धा-पाऊण तास जिवंत राहू शकतं. आणि घरच्या फ्रीझरमध्ये ते झटकन मरत नाही, हळूहळू गारठतं. हालत नाही म्हणजे त्याला काही होत नाही, असं नव्हे.

आमच्याकडे हे काम करायला आधी शिकावं लागायचं. पहिले दोन महिने वरिष्ठ शेजारी उभे राहायचे. तुम्ही दुकानदाराला नावं ठेवता, पण तुमच्या पिंकीचा शेवट दुकानातल्या उंदरापेक्षा चांगला होतो, हे कशावरून?

तिखट शेव
धाग्याचं नाव बदला राव. ‘पिंका’ टाकायला आलो होतो, इथे वेगळ्याच पिंक्या निघाल्या. (हलके घ्या.)

लेस्टरची मावशी
इकडे इंग्लंडात आमच्या लेकाकडे रॉयल पायथन आहे. तुमचा बॉल तो आमचा रॉयल, साप तोच. आठ वर्षं झाली, गोठवलेलंच खातो. जिवंत घालायची इकडे पद्धतच नाही, सांगितलं तर लोक तोंडाकडे बघत राहतात. आणि त्यात नुसती उंदराचीच दया नाही. उंदीर चावतो! लेकाच्या मित्राने एक पायथन सांभाळायला घेतला होता, त्याच्या पाठीवर अंगठ्याएवढे खड्डे होते. आधीच्या मालकाने रात्री उंदीर आत टाकून दिवे घालवले होते.

पण गोठवलेला म्हणजे सोवळ्यातला, असंही समजू नका. 2008-09 ला इकडे साल्मोनेलाची (पोट बिघडवणारा जंतू) साथ आली होती, ती सापांच्या खाद्यासाठी अमेरिकेतून आलेल्या गोठवलेल्या उंदरांपर्यंत जाऊन पोचली. थंडीने तो जंतू मरत नाही, नुसता झोपतो. आमच्याकडे उंदरांचा डबा वेगळा, चिमटा वेगळा, वितळवणं बागेतल्या शेडमध्ये. स्वयंपाकघरात नाही म्हणजे नाही.

नानासाठी एक सुचवते. आदल्या रात्री उंदीर पिशवीत घालून फ्रिजमध्ये उतरवून ठेवा, दुसऱ्या दिवशी पिशवीसकट गरम पाण्यात. मायक्रोवेव्ह मात्र कधी नाही, बाहेरून शिजतो नि आतून बर्फ राहतो. शेवटी हेअर ड्रायरने फक्त डोकं चांगलं गरम करा. या सापांच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात, त्यांना गरम टोक दिसलं पाहिजे. दिवे घालवा, चिमटा लांबून धरा, आणि त्याने ओढलं की मागे खेचल्यासारखं करा. आमच्याने चौथ्या खेपेला घेतला. आणि हिवाळ्यात खात नसेल तर घाबरू नका, धडधाकट बॉल पायथन महिनोन्महिने उपाशी राहतात.

ह्यूस्टनकर
मावशी, ड्रायरचं करून बघतो. बायकोला मात्र सांगणार नाही कुठला ड्रायर.

कृष्णाकाठ
मी सांगली भागात साप सोडवायला जातो. तुमच्या चर्चेत थोडं वेगळं बोलतो, राग नसावा.

इथे आपल्याकडचा कुठलाही साप घरात ठेवणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा. परदेशी सापांचंही आता मोकळं रान नाही: 2022 च्या दुरुस्तीनंतर साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतल्या प्राण्यांची नोंदणी सक्तीची आहे, बॉल पायथन त्यात येतो. तरी पुण्या-मुंबईची पोरं घेतात आणि मला फोन करतात, ‘दादा, उंदीर मिळतील का?’ एकाने चाळीतल्या खोलीत पैदास सुरू केली. सहा महिन्यांत शेजाऱ्यांनी पोलिस बोलावले. सापामुळे नव्हे, वासामुळे! मुताचा तो अमोनिया डोळ्यांत जातो.

आमच्या उसात धामण हे काम फुकट करते. लोकांना ती नाग वाटते म्हणून काठी घेऊन धावतात. तुम्ही तिकडे सापाला उंदीर मिळावा म्हणून एसी लावता आणि इथे उंदीर खाणारा साप आम्ही मारतो. मला तर तुमच्या नानापेक्षा माझ्या धामणीची काळजी जास्त.

ह्यूस्टनकर
दादा, तुमच्यापुढे बोलायला तोंड नाही. आई मागे सहा महिने इथे होती, नागपंचमीला नानापुढे दूध-लाह्या ठेवल्या होत्या तिने. सांगितलं, हा दूध पीत नाही. म्हणाली, तिकडचेही पीत नाहीत, ठेवायचं असतं.

आफ्रिकी पाहुणा
कुणीच कसं म्हटलं नाही? बॉल पायथन मूळचा पश्चिम आफ्रिकेतला, घाना-टोगो-बेनिन पट्ट्यातला. तिथे तो मास्टोमिस जातीचे उंदीर खातो. इथले हौशी लोक ‘सॉफ्ट फर’ म्हणून तेच पाळतात. पांढरा रॅट नाकारणारा साप कित्येकदा हा लगेच घेतो. आकाराने लहान, वासही कमी. जिवंत-मेलेल्याचा वाद बाजूला ठेवा, जात बदलून बघा. मी स्वतः दोन टब चालवतो आणि घरच्या पैदाशीच्या बाजूने आहे.

लेस्टरची मावशी
चावतात किती, तेही सांगा की!

आफ्रिकी पाहुणा
चावतात. जाड हातमोजे लागतात.

आजाराचं काय
दोन मुद्दे. मोजके.

2017 साली अमेरिकेत सोल विषाणूची साथ झाली होती. घरी रॅट पाळणारे, पैदास करून एकमेकांना देणारे, यांच्यातून पसरली. अकरा राज्यांत बाधित उंदीर किंवा माणसं सापडली. ताप येतो, कधी मूत्रपिंडावर जातो. गंमत म्हणजे उंदीर ठणठणीत दिसतो, त्याच्याकडे बघून काही कळत नाही. तुम्ही मित्रांना रॅट देता म्हणालात, नवा नर कुठून आणता? तो वेगळा ठेवता का?

आणि टब कोण धुतं?

ह्यूस्टनकर
नवा नर एका मित्राकडून आणला. वेगळा ठेवला नव्हता.

टब मुलगी धुते. दहा वर्षांची आहे. तिनेच सगळ्या माद्यांना नावं दिली आहेत. जेवणाच्या टेबलावर परवा विचारत होती, ‘बाबा, आज शेवंती कुठेय?’

वरणभात
आणि काय सांगितलंत?

ह्यूस्टनकर
म्हटलं, ठमीकडे गेली. तिला कळलं. वरण कालवत बसली, बोलली नाही काही.

पिंजरा नंबर चार
मी वर कडक लिहिलं, पण या मुलीबद्दल माझं मत निराळं आहे. तिला कळू द्या. आमच्याकडे जी माणसं उंदरांना नावं द्यायची, तीच पाण्याची बाटली सगळ्यात आधी बघायची. फक्त टब तिला धुवायला देऊ नका. भुसा आधी ओला करा म्हणजे धूळ उडणार नाही, हातमोजे-मास्क घाला, आणि हे काम तुम्ही करा.

हिशेबी
माझं अजूनही म्हणणं, तीन सापांसाठी हा सगळा खटाटोप फुकट आहे. मोठा फ्रीझर घ्या, सहा महिन्यांचा माल भरा, मोकळे व्हा. आणि वरणभात ताईंसाठी: फक्त अंडी खाणारा साप असतो, आफ्रिकेत. दात जवळजवळ नसतात, मणक्यांच्या टोकांनी कवच आतल्या आत फोडतो नि टरफल ओकून टाकतो. पुढच्या वेळी तो आणा.

वरणभात
एकादशीला काय घालायचं त्याला?

ह्यूस्टनकर
सगळ्यांचं वाचलं. घरची पैदास मुळातच चूक, हे मला अजूनही पटलेलं नाही. पण फ्रीझरमधल्या पिंक्यांबद्दल माझं चुकत होतं, ते सरळ कबूल. काल रात्री मावशींच्या पद्धतीने नानाला दिला. डोकं गरम, दिवे बंद. पाऊण तास चिमटा धरून हाताला रग लागली. त्याने जीभ लावली, जवळ आला, आणि पाण्याच्या भांड्यामागे जाऊन बसला. रविवारी परत.

सध्या ठरवलंय की आत्ता गाभण आहेत त्या तिघी वितील, ती पिल्लं शेवटची. नंतर टब बंद.

पिंजरा नंबर चार
नर वेगळा काढलात का?

ह्यूस्टनकर
नाही अजून, सगळे एकाच टबात. वितील तेव्हा काढणार.

पिंजरा नंबर चार
मादी व्याली की चोवीस तासांत पुन्हा माजावर येते. आत्ता, हे वाचून झाल्यावर लगेच गॅरेजमध्ये जा.

ह्यूस्टनकर
जाऊन आलो. एक व्यालेली आहे. अकरा.

हिशेबी
म्हणजे तेवीस दिवसांनी अजून दहा धरून चाला.