छोट्या कामाला ताशी दर नको, किमान फी हवी

अर्ध्या तासाच्या कामाला अर्ध्या तासाचेच पैसे घ्यावेत, असं कोणी म्हटलं तर मला ते अजिबात पटत नाही. मी सांगलीत लहान व्यापाऱ्यांची टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) आणि एक्सेलची कामं करतो. मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढीवरून फोन येतो, "दादा, बिलात हमाली-तोलाईचा एक कॉलम वाढवायचाय, पाच मिनिटांचं काम आहे." कॉलम पाच मिनिटांत होतोही. पण आधी बॅकअप घ्यायचा, जुनी बिलं बिघडली नाहीत ना ते बघायचं, दिवाणजींना समजवायचं आणि पुढचे चार दिवस त्यांचे फोन घ्यायचे. ताशी हिशोबात यातलं काहीच धरलं जात नाही. शिवाय हात जितका बसलेला तितके पैसे कमी, हा कुठला न्याय?

म्हणून किमान अर्ध्या दिवसाची फी ठरवा आणि ती पहिल्या फोनवरच सांगा. पलूस-विट्याला जायचं असेल तर प्रवासखर्च वेगळा. ज्यांचे सारखे फोन येतात त्यांना वार्षिक करार द्या, त्यांनाही ते बरं पडतं. ओळखीतल्या माणसाला फुकट करून द्यायचं तर जरूर द्या, पण बिलात पूर्ण रक्कम लिहून सूट दाखवा. कामाची किंमत त्याला कळलीच पाहिजे.

राहिला उधारीचा प्रश्न. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून ठेवा आणि तो नंबर बिलावर छापा. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत.