‘फॉइल’ला मराठीत काय म्हणायचं?

मूळ प्रश्न

आमच्या सोसायटीच्या दिवाळी अंकाला मी एक लेख दिला. विषय असा: अद्भुतकादंबऱ्यांमधले ज्यांच्याकडून कुणालाच काही आशा नसते असे नायक, आणि त्यांच्या शेजारी लेखकाने मुद्दाम उभी केलेली माणसं. इंग्रजी समीक्षेत पहिल्याला ‘अनलाइकली हीरो’ म्हणतात, दुसऱ्याला ‘फॉइल’. लेखात एक वाक्य होतं, ‘बोरोमिर हा फॅरामिरचा फॉइल आहे.’ अंकाचं बघणाऱ्या काकांना इंग्रजी शब्द खटकला, म्हणून त्यांनी ते ‘बोरोमिर हा फॅरामिरचा प्रतिस्पर्धी आहे’ असं करून टाकलं.

टोल्किनची ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ वाचलेला कुणीही मला वेड्यात काढेल. सख्खे भाऊ आहेत ते. बाप थोरल्याला डोक्यावर घेतो, धाकट्याला टोचून बोलतो, तरी धाकट्याच्या मनात भावाबद्दल किल्मिष नाही. दोघांपुढे मोह एकच येतो, ती जगावर सत्ता देणारी अंगठी. थोरला बोरोमिर शूर, बापाचा लाडका. ती नष्ट करायला निघालेल्या फ्रोडोच्या हातून तो ती हिसकावायला जातो. धाकट्याच्या तावडीत फ्रोडो आयता सापडतो आणि तो त्याला शिधा बांधून देऊन वाटेला लावतो. (सिनेमा पाहिलेल्यांनी भांडायला येऊ नका. २००२च्या चित्रपटात फॅरामिर त्याला आधी अंगठीसाठी पकडून नेतो, पुस्तकात तसं नाही.) थोरला तसा वागला म्हणून धाकट्याचं वागणं डोळ्यांत भरतं. या नात्याला शब्द काय? काकांनी सोमवारपर्यंत मुदत दिली आहे.

प्रतिसाद १

प्रतिनायक. झालं की! एवढा घोळ कशाला?

प्रतिसाद २

प्रतिनायक अजिबात नको. धनंजयाच्या ‘दशरूपक’ या नाट्यशास्त्रावरच्या संस्कृत ग्रंथात प्रतिनायकाची व्याख्याच दिली आहे: लोभी, धीरोद्धत (शूर पण उद्दाम), ताठर, पापी, व्यसनी आणि नायकाचा रिपू. उदाहरणं रामाला रावण आणि युधिष्ठिराला दुर्योधन. बोरोमिर कुणाचा रिपू? तो तर मेरी आणि पिपिन या सोबत्यांना वाचवताना बाण खाऊन मरतो. शिवाय हल्ली काही जण ‘अँटिहीरो’लाही, म्हणजे नायकाचे गुण नसलेल्या नायकालाही, प्रतिनायक म्हणतात. त्या बिचाऱ्या शब्दाच्या पाठीवर आधीच दोन पोती आहेत, तिसरं लादू नका.

त्याच ग्रंथात ‘पीठमर्द’ आहे. नायकाचा चतुर सहकारी, नायकाहून गुणांनी जरासा उणा. रामाला सुग्रीव, ‘मालतीमाधव’ नाटकात माधवाला मकरंद. फ्रोडोचा सोबती सॅम याला हा शब्द लावायचा मोह होतो खरा, पण सॅम फ्रोडोपेक्षा उणा हे मी लिहून देणार नाही. आणि ‘पीठमर्द’ छापलंत तर सोसायटीत लोक पिठाची गिरणी समजतील.

प्रतिसाद ३

‘पूरक पात्र’ किंवा सरळ ‘विरोधी पात्र’?

प्रतिसाद ३ला मूळ लेखिकेचं उत्तर

पूरक म्हणजे उणं असेल ते भरून काढणारा. सॅम पूरक आहे, फ्रोडो थकला की तो त्याला पाठीवर घेतो. बोरोमिर काय भरून काढतो? आणि ‘विरोधी’ म्हटलं की पुन्हा भांडणच डोळ्यांसमोर येतं. त्याच कादंबरीतले थिओडेन आणि डेनेथॉर (हाच त्या दोघा भावांचा बाप) घ्या. दोघंही म्हातारे राज्यकर्ते. दोघांचाही एकेक मुलगा लढाईत गेलेला. एकाच्या कानात वर्मटंगसारखा माणूस विष ओततोय, दुसरा जादूच्या गोळ्यात बघून बघून खचलाय. एक जण खुर्चीतून उठतो, घोड्यावर बसतो, रणांगणावर मरतो. दुसरा स्वतःची चिता रचून घेतो, आणि वर जिवंत मुलालाही तीत ओढू बघतो. मेरी एकाची चाकरी पत्करतो, पिपिन दुसऱ्याची; म्हणजे टोल्किनने जोडी हाताने जुळवली आहे यात शंका नाही. पण कथेत थिओडेन आणि डेनेथॉरची गाठच पडत नाही! जे एकमेकांना भेटतही नाहीत ते विरोध कसला करणार?

प्रतिसाद ४

मूळ शब्दाकडे चला, उत्तर तिथेच आहे. ‘फॉइल’ लॅटिनमधल्या पानाच्या शब्दावरून आलेला आहे. पान, मग धातूचं पातळ पान, मग खड्याच्या पाठीमागे घालायचा तो चकचकीत पत्रा. तलवारबाजीतल्या ‘फॉइल’शी याची गल्लत करू नका, नाहीतर पुन्हा प्रतिस्पर्धीच हाती येईल.

माझे आजोबा जडावाचं काम करायचे. कुंदनकामात खडा बंद घरात बसतो, पाठीमागून उजेड येत नाही. मग खड्याखाली चांदीचा अगदी पातळ पत्रा घालतात. त्याला आजोबा ‘डांक’ म्हणायचे. हिंदी कोशांतही ‘डाँक’ याच अर्थाने आहे. (‘डाग’ वेगळा, डाग म्हणजे दागिना.) डांक बघायला मिळत नाही, पण ती नसेल तर चांगला खडाही काचेच्या तुकड्यासारखा मेलेला दिसतो. असा दागिना घालून भांडी घासायची नाहीत, ही आजीची ताकीद. पाणी आत शिरलं की डांक काळी पडते आणि खडा आंधळा होतो.

प्रतिसाद ५

मग ‘कोंदण’ काय वाईट? सगळ्यांना कळतं.

प्रतिसाद ४चं उत्तर

कोंदण खड्याला धरून ठेवतं आणि चारी बाजूंनी दिसतं. टोल्किनच्याच ‘द हॉबिट’मधल्या बिल्बोचं ते गोल दाराचं बीळ, चहा, केक, हातरुमाल, हे त्याचं कोंदण. डांक खाली असते. काम वेगळं, जागा वेगळी.

प्रतिसाद ६

सोनाराची उपमा शेक्सपिअरलाही माहीत होती. ‘चौथा हेन्री’च्या पहिल्या भागात राजपुत्र हॅल दारूच्या गुत्त्यात उडाणटप्पूंबरोबर बसतो आणि एकटा असताना प्रेक्षकांना सांगतो, की मळकट पृष्ठभागावर चकचकीत धातू जसा उठून दिसतो तशी माझी सुधारणा जुन्या वागण्यावर उठून दिसेल. तिथे शब्द फॉइलच आहे. गंमत म्हणजे तो स्वतःच स्वतःची डांक! ‘हॅम्लेट’मध्ये तर द्वंद्वाच्या ऐन तोंडावर हॅम्लेट लेअर्टिसला ‘मी तुझा फॉइल होईन’ म्हणतो, तेव्हा खड्यामागचा पत्रा आणि हातातली तलवार या दोन्ही अर्थांवर श्लेष आहे. वर गल्लत करू नका म्हणालात, पण खुद्द त्याने मुद्दाम केली होती.

आणि मराठीत ‘उठाव’ आहे ना! चित्रकार म्हणतात, मागे गडद रंग दिला की पुढच्या आकृतीला उठाव येतो. ‘बोरोमिरमुळे फॅरामिरला उठाव येतो.’ संपला प्रश्न.

प्रतिसाद ७

वाक्यात छान बसतं. पण नाम करायला गेलात की ‘उठावपात्र’, आणि डोळ्यांपुढे १८५७. तो माणूस बंड करून उठलाय असं वाटेल.

प्रतिसाद ८

‘छायापात्र’ कसं वाटतं?

प्रतिसाद ८ला उत्तर

सुंदर शब्द, पण दुसऱ्या कामाचा. उर्सुला ले ग्विनच्या १९६८च्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’त गेड नावाचा शेळ्या राखणारा पोरगा जादू शिकतो, आणि गर्वाच्या भरात एक सावली जगात मोकळी सोडतो. ती त्याच्या मागे लागते, मग तो तिच्या मागे लागतो, आणि शेवटी तो तिला हाक मारतो ती स्वतःच्याच नावाने. ती छाया. गेडचे फॉइल म्हणायचे तर जॅस्पर आणि व्हेच हे दोन सहाध्यायी. एक त्याला डिवचतो, दुसरा त्याच्यासाठी होडीत बसून जगाच्या टोकाला जातो. छाया आपल्यातून निघते. डांक बाहेरून आणून घालावी लागते.

प्रतिसाद ९

तुमच्या दुसऱ्या शब्दाकडे कुणी बघतच नाहीये. ‘अनलाइकली हीरो’ला ‘अनपेक्षित नायक’ म्हणू नका. अनपेक्षित पाहुणे येतात. मराठीत ‘खिजगणतीत नसलेला’ आहे, आणि टोल्किनच्या गोष्टीत तर तो शब्दशः लागू पडतो. अंगठीचा मूळ मालक, खलनायक सॉरॉन, याच्या हिशेबात हॉबिट, म्हणजे फ्रोडोची ती बुटकी जमात, नव्हतेच, आणि अंगठी वापरायची सोडून कुणी ती नष्ट करायला निघेल हेही नव्हतं. फ्रोडो जिंकतो किंवा निदान तिथवर पोचतो, तो खिजगणतीत नसल्यामुळेच. तेव्हा ते त्याचं नुसतं वर्णन नाही, गोष्टीची किल्ली आहे.

पोराटोरांच्या गोष्टीसाठी ‘लिंबूटिंबू’. मोठ्यांच्या खेळात घेतलेला, पण आउट झाला तरी धरायचा नाही, त्याच्यावर राज्य येत नाही. ‘हॅरी पॉटर’मधला नेव्हिल लाँगबॉटम हा जागतिक लिंबूटिंबू.

प्रतिसाद १०

नेव्हिलचं नाव निघालं म्हणून मध्ये पडते, कारण फॉइल या कल्पनेचं माझ्या मते सगळ्यात चोख उदाहरण तिथे आहे आणि ते ड्रेको किंवा डडली नाहीत. ते दोघं हॅरीच्या शेजारी उभे केलेले ठोकळे आहेत, दोन पानांत कळतात.

नेव्हिलचा खरा फॉइल पीटर पेटिग्र्यू. दोघंही जादूच्या शाळेतल्या ग्रिफिंडोर गटाचे. दोघंही घाबरट, हुशार मित्रांच्या मागे मागे फिरणारे. १९९९च्या तिसऱ्या पुस्तकात हॅरीने पीटरला अजून पाहिलेलंही नाही. मोठ्यांच्या गप्पांत ‘तो त्यांच्या मागे फिरणारा गुबगुबीत मुलगा’ एवढंच त्याच्या कानावर पडतं, तर त्याच्या मनात जो चेहरा येतो तो नेव्हिलचा. रोलिंगबाईंनी इथे हळूच डांक सरकवली आहे, वाचताना कळतही नाही. पीटर जिवाला घाबरून मित्राचं घर शत्रूला दाखवतो. नेव्हिल पहिल्याच पुस्तकात मित्रांच्याच वाटेत उभा राहतो, हर्मायनीच्या मंत्राने ओंडक्यासारखा आडवा होतो, आणि त्या धाडसाचे त्याला १० गुण मिळतात. सातव्यात नागिनीचं मुंडकं उडवणारा तोच.

आणि ते भविष्य! खलनायक व्हॉल्डेमॉरला हरवू शकेल असा, जुलै संपताना जन्मलेला मुलगा. नेव्हिल ३० तारखेचा, हॅरी ३१चा. भविष्य दोघांनाही लागू होतं, व्हॉल्डेमॉरने हॅरीला निवडलं एवढंच. म्हणजे नायक कोण हे खलनायकाने ठरवलं. असं पाहिलं तर नेव्हिल हॅरीचाही फॉइल, फक्त एका दिवसाच्या अंतरावरचा.

प्रतिसाद ११

वा. पण मग ‘डांक’ शब्दात एक खोट आहे. डांक बिचारी खड्यासाठीच असते, तिला स्वतःची किंमत नाही. पीटरला तरी स्वतःची गोष्ट आहे का?

प्रतिसाद ४चं उत्तर

आहे थोडी. सातव्या पुस्तकात हॅरी त्याला जुन्या उपकाराची आठवण करून देतो, तो क्षणभर कचरतो, आणि तेवढ्यावर व्हॉल्डेमॉरने दिलेला चांदीचा हात त्याचाच गळा आवळतो. (चांदीचा! आजोबा असते तर हसले असते.)

खोट मान्य, पण तुम्ही म्हणता ती नाही. मला गॉलम अडतो. तो मुळात हॉबिटांच्याच गोतावळ्यातला स्मिएगल. वाढदिवसाला मासे धरायला गेला, भावकीतल्या डिएगलला अंगठी सापडली, आणि त्याच दिवशी याने त्याला गळा दाबून मारलं. पुढे सुमारे पाचशे वर्षं ती जवळ बाळगली. बिल्बोला तीच अंगठी अंधारात चाचपडताना मिळाली, आणि हातात तलवार असूनही त्याने गॉलमला जिवंत सोडलं. एकच वस्तू, दोन सुरुवाती. त्यामुळेच बिल्बो साठ वर्षांनी ती ठेवून घराबाहेर पडू शकला. इथवर डांक चोख बसते.

पण फ्रोडो? बिल्बोकडून आलेली अंगठी सतरा वर्षं घरात, मग गळ्यात बांधून ज्वालामुखीपर्यंत. कड्यावर उभा राहतो आणि म्हणतो, अंगठी माझी. गॉलमला जे झालं तेच त्याला होतं. दोघांमधलं अंतर तिथे मिटतं, आणि अंगठी आगीत पडते ती गॉलम बोटासकट ती तोडून घेतो म्हणून. खडा कुठला आणि डांक कुठली? सोनाराच्या दुकानात असं होत नाही. या जोडीला मी कुठलाच शब्द देणार नाही, सरळ सगळी हकिगत सांगेन.

मूळ लेखिका

सगळ्यांचे आभार. रविवारी रात्री काकांकडे जाऊन बसले. लेखाचं नाव आता ‘खिजगणतीबाहेरचे’. बोरोमिरचं वाक्य: ‘खड्याखाली डांक असावी तसा बोरोमिर फॅरामिरच्या मागे आहे, त्याच्यामुळे धाकट्याला उठाव येतो.’ नेव्हिलच्या परिच्छेदात लिंबूटिंबू घातलाय, तो काकांना फार आवडला. गॉलमचा भाग वरच्या सल्ल्याप्रमाणे उपमेशिवाय ठेवला.

काकांची एकच हरकत राहिली. छापखान्यात अनुस्वार गळला तर ‘खड्याखाली डाक’ होईल, आणि लोक विचारतील की बोरोमिर पोस्टात होता का. मी म्हटलं, प्रूफ मीच वाचते.